बोट इकडे, उत्तर तिकडे

आईनं स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पान पुढं जायला हवं होतं. गेलं नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यातली फुली दाबली गेली आणि पुस्तकच बंद झालं. मी उघडून दिलं. तिनं तिथंच पुन्हा बोट ठेवलं, या वेळी जरा जोर देऊन. पुन्हा बंद.

“काहून रे, मी इथं हात लावते अन् ते तिथून बंद होऊन राहिलं?”

मी तिच्या हातून टॅब्लेट घेतला आणि टेबलाशी येऊन बसलो. तिला काय सांगू, मला त्या क्षणी केवढा आनंद झाला होता. स्पर्श उलटा का होईना, पोचत होता. त्याआधी दोन आठवडे तो धड पोचतच नव्हता.

हा टॅब्लेट आम्ही २०१३ साली भाचीसाठी बर्डीच्या बाजारातून आणला होता. सात इंची, काळा, मागं कुठलंच नाव नाही, चार्जिंगला बारीक गोल पिनचा जॅक. तिनं त्यावर दोन वर्षं चित्रं रंगवली, मग तो कपाटात गेला. दिवाळीच्या साफसफाईत हाती लागला तेव्हा त्याची पाठ मधोमध वर आलेली होती. नागपूरचे इतके उन्हाळे बंद कपाटात काढल्यावर बॅटरी फुगणारच. नख घालून पाठ उघडली, फुगलेली बॅटरी जपून वेगळी केली, नवी जोडली. टॅब्लेट सुरू झाला. स्क्रीनवर एक ओरखडा नाही. मला तो आईसाठी हवा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला वाचता येतं, पण मोबाइलवर अक्षर मोठं केलं की एका ओळीत चार शब्द मावतात आणि तिची लय तुटते. हा आकार तिच्या हातातल्या पुस्तकाएवढा होता.

सुरू झाला, पण उघडेना काहीच. आत अँड्रॉइड ४.० होतं. हल्लीच्या बहुतेक वेबसाइटना निदान टीएलएस १.२ या पद्धतीनं कुलूपबंद बोलणं लागतं. ही पद्धत २००८ साली ठरली, पण अँड्रॉइडमध्ये ती मुळातून चालू आली ती ५.० पासून. त्यामुळं आमचा टॅब्लेट दारावर जाऊन हाक मारायचा आणि आतून कोणी ओ द्यायचं नाही. मी पुस्तकं कॉम्प्युटरवरून टाकून पाहिली, तर दुसरीच अडचण. ‘दुसऱ्या दिवशी’ असं छापलेलं असेल तिथं ‘ऱ’, त्याच्या खाली पाय मोडलेला आणि शेजारी सुटा ‘या’. ‘बऱ्याच’, ‘पुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ सगळीकडं तेच. हा आडवा अर्धा र मराठीत जागोजागी लागतो. त्यातल्या ‘ऱ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा आहे, पण अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामला तो जोडावा कसा हे कोणीतरी शिकवावं लागतं. अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठीचं नाव आलं तेही ५.० मध्येच, २०१४ च्या शेवटी. आमचा टॅब्लेट त्या दिवसाच्या अलीकडं थांबलेला. आईनं एक पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. “डोळ्यात खडा गेल्यासारखं होते,” म्हणाली.

बर्डीवर मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथं मी नेहमी जातो. माणूस हुशार, हात सोन्याचा. त्यानं टॅब्लेट उलटापालटा करून पाहिला, पाठ उघडून पाहिली आणि परत दिला.

“भाऊ, याला सॉफ्टवेअर मारता येत नाही आता. मशीन चांगली आहे. पण याची फाइलच भेटत नाही.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. वस्तू चांगली आहे, फाइल भेटत नाही. माझ्या घरातल्या, ओळखीपाळखीतल्या किती वस्तू या एका वाक्यावर भंगारात गेल्या याचा मी त्या रात्री हिशेब करत बसलो होतो.

फाइल भेटत नाही म्हणजे काय, हे मुळातून सांगितलं पाहिजे. घरच्या कॉम्प्युटरवर तुम्ही लिनक्स या सगळ्यांना खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची कुठलीही सीडी टाका, तो चालतो. कारण त्या यंत्राच्या आतच एक कारभारी बसवलेला असतो. तो सुरुवातीलाच सांगतो की मेमरी इतकी, डिस्क इथं, कीबोर्ड तिथं. फोन-टॅब्लेटमध्ये असते त्या एआरएम जातीच्या चिपकडं असा कारभारी सहसा नसतो. तिथं कर्नलला म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला सगळं आधीच लिहून द्यावं लागतं: टच स्क्रीनची चिप अमुक दोन तारांवर आहे, तिचा पत्ता तमुक, स्क्रीनचा दिवा चिपच्या या पायावर म्हणजे पिनवर, वायफायला वीज त्या पायावरून. लिहून दिलं नाही तर कर्नल अंधारात उभा राहतो. समोर स्क्रीन असते, त्याला ती ठाऊक नसते.

पूर्वी प्रत्येक कारखाना ही माहिती थेट कर्नलच्या कोडमध्ये कोंबायचा. एकसारख्या चिपवरच्या पन्नास यंत्रांसाठी पन्नास तुकडे. २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे वैतागले आणि त्यानंतर ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत एआरएममध्ये रुळली. यंत्राचं वर्णन वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये, कर्नल सगळ्यांना एकच. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. कारण मग यंत्राचं वर्णन कोणालाही वाचता येतं, चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं, आणि कारखाना बंद पडला तरी ते उरतं.

पाठ उघडली होती तेव्हाच मुख्य चिपवरची अक्षरं वाचली होती: ऑलविनर ए१३. एकच कॉर्टेक्स-ए८ कोर, १ गिगाहर्ट्झ, सोबत ५१२ एमबी मेमरी. नाव वाचलं आणि मी बाजूला जाऊन चहा टाकला, कारण हीच चिप ‘आकाश २’ मध्ये होती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला आकाश आला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये दुसरा. देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वस्त टॅब्लेट, असं ते स्वप्न होतं. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो आणि त्या स्वप्नावर माझा मनापासून विश्वास होता. आजही आहे. आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी त्याच आकाशवर एसडी कार्डावरून लिनक्स चालवून दाखवलं होतं. म्हणजे वाट कोणीतरी चालून गेलेलं होतं.

ए१३ चा एक गुण असा की तिच्यावर जीव जडावा. चालू होताना ही चिप आधी एसडी कार्ड बघते. कार्डाच्या सुरुवातीपासून बरोबर ८ किलोबाइट सोडून पुढं तिच्या ओळखीचा प्रोग्राम असेल, तर ती तोच चालवते. नसेल तर आतल्या मेमरीतलं जुनं अँड्रॉइड. तुम्ही कार्डावर काय वाटेल ते प्रयोग करा. बिघडलं, तर कार्ड काढा, टॅब्लेट जसाच्या तसा. बहुतेक कंपन्यांच्या टॅब्लेटना आत शिरायलाच कुलपं असतात आणि एक चूक झाली की वस्तू वीट होऊन बसते. इथं दार उघडं होतं. हे दार कोणी मुद्दाम शिकणाऱ्यांसाठी ठेवलं असेल की कारखान्यात सोय म्हणून, मला माहीत नाही. मी मात्र त्यातूनच आत गेलो.

नवं काय बसवायचं, हे ठरवायला वेळ लागला नाही. नवं अँड्रॉइड ५१२ एमबीत गुदमरतं. मी पोस्टमार्केटओएस घेतलं. २०१७ मध्ये ऑलिव्हर स्मिथ यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आहे आणि फोन-टॅब्लेट दहा वर्षं चालावेत हा त्याचा उघड हेतू. अल्पाइन नावाच्या छोट्या लिनक्सवर बेतलेलं, अगदी सडपातळ.

काम प्रत्यक्षात सुरू झालं ते मे महिन्यात, आणि ज्यानं नागपूरचा मे काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. पहिल्याच दिवशी कळलं, की स्क्रीन काळी असताना आत काय चाललंय हे पाहायला बोर्डावरच्या दोन बारीक ठिपक्यांना तारा जोडाव्या लागणार. एका ठिपक्याशेजारी टीएक्स (पाठवणारा) लिहिलेलं, दुसऱ्याशेजारी आरएक्स (घेणारा). ठिपका मोहरीहून लहान. सोल्डरिंग गन हातात, वर कूलरचा झोत. कूलर चालू ठेवला, तर गनचं टोक थंड पडतं आणि कथील पसरत नाही, गोळा होऊन बसतं. कूलर बंद केला तर दोन मिनिटांत घामाचा थेंब भिंगावर. नवतपा लागलेला. मी पहाटे साडेचारला उठून ते दोन टाके घातले, तेवढीच वेळ बरी होती. खसाच्या ओल्या वासात, दाराशी दूधवाला येण्याआधी, दोन टाके.

मग त्या तारा ३.३ व्होल्टच्या जोडणीतून लॅपटॉपला लावल्या आणि टॅब्लेटचं बटण दाबलं. लॅपटॉपवर पांढरी अक्षरं उमटली. आधी यू-बूट म्हणजे कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्राम, त्याची तारीख, मेमरी ५१२ एमबी. मग ‘स्टार्टिंग कर्नल’. आणि मग ओळींमागून ओळी. टॅब्लेटची स्वतःची स्क्रीन अजून काळीच होती, पण मला दिसत होतं की आत कोणीतरी जागं झालंय आणि एकेक खोलीचा दिवा लावत फिरतंय. मी बायकोला हाक मारली. ती अर्धवट झोपेत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन मिनिटं बघत राहिली आणि “झालं ना? मग नाश्त्याला तर्री-पोहे घेऊन ये,” म्हणून परत गेली.

झालं कुठलं. स्क्रीन दोन दिवसांत उजळली, वायफाय चारेक दिवसांनी. चित्र काढणारी माली-४०० चिप मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपी गेली, कारण तिच्या मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर बंद पेटीतलं असलं, तरी बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षं ती चिप काय करते याचं निरीक्षण करून ‘लिमा’ नावाचा स्वतंत्र ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, लिहिला आणि २०१९ मध्ये तो लिनक्स ५.२ सोबत मुख्य कर्नलमध्ये आला. दुसऱ्या कोणीतरी केलेले कष्ट आपण अशा वेळी आयते वापरतो. त्यांचे आभार मानायला पत्ता नसतो, म्हणून इथं मानतो.

टच मात्र मुका.

टच स्क्रीनची चिप होती सिलीड कंपनीची, जीएसएल१६८०. नखाएवढी. या चिपला स्वतःची आठवण नाही. वीज गेली की ती सगळं विसरते. आपण काचेवर बोट ठेवतो ते ओळखायचं कसं, हे तिला प्रत्येक वेळी चालू होताना नव्यानं शिकवावं लागतं. मुख्य चिप दोन तारांवरून तिला आकड्यांची एक लांबलचक यादी पाठवते; ती वाचून झाली की मगच तिला बोट कळतं. आणि ही यादी काचेगणिक वेगळी. काचेखालच्या तारांचं जाळं जरा बदललं, की यादी बदलते. चुकीची यादी दिली तर चिप बोलते, पण वेड्यासारखं: एका बोटाची चार बोटं होतात किंवा काचेच्या अर्ध्या भागात काहीच लागत नाही.

दुकानदार ज्या फाइलबद्दल बोलत होता, तिचा कळीचा तुकडा हाच होता.

मी लोकांनी जमवलेल्या याद्या एकामागून एक लावून पाहिल्या. इथं हान्स डी गुडे यांचं नाव घेतलंच पाहिजे. बाजारात क्यू८ म्हणून ओळखले जाणारे हे सात इंची स्वस्त टॅब्लेट वरून सगळे सारखे आणि आतून प्रत्येक निराळा. या माणसानं ते गोळा करून, उघडून, मुख्य लिनक्समध्ये त्यांच्यासाठी जागा केली. सिलीडच्या टचचा ड्रायव्हरही त्यांच्याच मेहनतीनं नीट झाला. ए१३ च्या क्यू८ टॅब्लेटचं वर्णन आज कर्नलमध्ये आहे, आणि मी त्याच पायावर उभा होतो. पण माझ्या काचेची यादी त्या जमलेल्यांत नव्हती. एकीनं बोट थरथरायचं, दुसरीनं कडा बहिऱ्या.

मग उलगडलं. यादी कुठं जाईल? ती टॅब्लेटमध्येच असणार. कार्ड काढून ठेवलं की जुनं अँड्रॉइड उठतं, आणि त्यात टच छान चालतो. म्हणजे त्याच्या ड्रायव्हरच्या पोटात ती यादी रोज जागेवर आहे. मी जुनं अँड्रॉइड चालू केलं, टचचा ड्रायव्हर कॉपी करून लॅपटॉपवर आणला आणि तो कच्च्या आकड्यांत उघडला. पडदाभर शून्यं, मध्येच अक्षरं, पुन्हा शून्यं. तासभर खाली सरकत गेल्यावर एका ठिकाणी आकड्यांना ताल दिसू लागला: एक पत्ता, एक किंमत, एक पत्ता, एक किंमत. गव्हाच्या राशीत हात घातल्यावर बोटांना चाळणीची तार लागावी तसं. मी तो तुकडा कापला, ड्रायव्हरला हवा तशा रूपात मांडला, कार्डावर ठेवला, कार्ड खोचलं.

बोट ठेवलं. लॅपटॉपवर एक ओळ उमटली. बोट सरकवलं, ओळी धावल्या.

त्याच संध्याकाळी मी टॅब्लेट आईच्या हातात दिला होता, आणि तिनं मला सुरुवातीला सांगितलेला प्रश्न विचारला. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. कारखान्यात काच उलटी बसवली असेल तर डावं उजवं होतं आणि वरचं खाली. जुन्या अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्यासाठी दोन खुणा होत्या, मी त्या आणायला विसरलो होतो. डिव्हाइस ट्रीमध्ये दोन ओळी लिहिल्या: आडवं उलट, उभं उलट. पाच मिनिटांचं काम.

एक गोष्ट मला मनात ठेवता येत नाही. लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली दिला जातो, तो जीपीएल आवृत्ती २, असं सांगतो की तुम्ही कर्नल घालून वस्तू विकली, तर त्याचा कोडही मागणाऱ्याला दिला पाहिजे. ही भीक नाही, अट आहे. विकणाऱ्यांतल्या किती जणांनी ती पाळली? आमच्या टॅब्लेटवर तर नावच नव्हतं, कोणाला विचारणार. आकड्यांची ती यादी, त्या दोन खुणा, मेमरीचा वेग, एवढं सगळं मिळून एका पानात मावलं असतं. ते एक पान खोक्यात घातलं असतं तर दुकानदाराला “फाइल भेटत नाही” म्हणावं लागलं नसतं, आणि असे टॅब्लेट आज घराघरांत कशाना कशाला उपयोगी पडले असते. मला याचा राग येतो. इतक्या वर्षांनीही येतो.

उलट उदाहरणही आहे आणि ते आठवलं की बरं वाटतं. एचपीनं २०११ च्या जुलैमध्ये टचपॅड नावाचा टॅब्लेट आणला आणि दीड-दोन महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, बंद केला. उरलेला माल पडेल भावात विकला. त्यात अँड्रॉइड नव्हतंच, वेबओएस ही वेगळीच सिस्टिम होती. ज्यांनी तो घेतला त्यांच्यातल्या काहींनी सायनोजेनमॉड या हौशी मंडळींनी घडवलेल्या अँड्रॉइडच्या आधारानं त्यावर अँड्रॉइड चालवलं, आणि कंपनीनं हात झटकल्यावरही कितीतरी वर्षं त्यावर नवनव्या आवृत्त्या येत राहिल्या. सायनोजेनमॉड २०१६ च्या शेवटी थांबलं, तेव्हा तेच काम लिनिएजओएसनं उचललं. कोणी पगार देत नव्हतं. वस्तू चांगली आहे, एवढंच कारण.

मी माझं पान लिहून काढलं. काचेच्या तारेवर छापलेला नंबर, बोर्डावरचा नंबर, यादी, त्या दोन ओळी, आणि कूलर बंद करून सोल्डर करा ही सूचनासुद्धा. एक प्रत बर्डीच्या दुकानात नेऊन दिली. त्यानं वाचलं, मोबाइलवर फोटो काढला आणि काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलं. आठवड्याभरानं त्याचा फोन, तसाच एक टॅब्लेट आलाय म्हणून. पाहिला तर बोर्ड तोच, काच वेगळी. त्याचीही यादी आता पोटातून काढायची आहे.

आईचं वाचन चालू आहे. मुक्ता हा फाँट टाकला, अक्षर मोठं, ओळीत आठ-नऊ शब्द. पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिच्या मागं उभा राहून ‘ऱ्य’ शोधत होतो. ‘दुसऱ्या’ आलं, अर्धा र आपल्या जागी, य ला धरून. ती त्यावर थांबली नाही, वाचत पुढं गेली.

बऱ्याच गोष्टी अजून राहिल्यात. आवाज बारीक येतो. बॅटरी किती उरली हे कधी खरं सांगतो, कधी नाही. झोपवून ठेवला तर सकाळी उठत नाही, म्हणून आई रात्री तो पूर्ण बंद करते आणि दुपारच्या चहानंतर चालू करते. चालू व्हायला जवळजवळ मिनिट लागतं. तेवढा वेळ स्क्रीनवर कर्नलच्या पांढऱ्या ओळी भराभर वर सरकतात. मी तिला म्हटलं, या ओळी लपवतो, तिथं एखादं छान चित्र लावू, गणपतीचं लावू.

ती चष्मा पुसत होती. “राहू दे,” म्हणाली. “ते काहीतरी बोलून राहिलं ना, म्हणजे कळते मला, की उठलं.”